उद्यानाचा आराखडा आणि आपला आराखडा

(वनहक्क शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी पाड्यावर वाचून दाखवावे.)



पेरणीआधी आम्ही काही जण बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन आलो. आल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, बिबट्या दिसला का? बिबट्या नाही दिसला. तिकिटाची खिडकी दिसली, पोरांची झुकझुकगाडी दिसली, सकाळी फिरायला येणारी माणसं दिसली. आणि त्यांच्या पलीकडे, झाडीत, आपल्यासारखेच पाडे दिसले. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा. कुडाची भिंत तीच, वाघोबाचा दगड तोच. फक्त त्यांचं रान आता उद्यान आहे.

हे रान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला ठाणं. आत विहार आणि तुळशी ही दोन तळी, इंग्रजांच्या काळात मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेली. विहार 1860 चं. म्हणजे शहराने हे रान ओळखलं ते आधी पाण्यासाठी. हवा, फेरफटका, सहल हे सगळं नंतरचं. त्याहून जुनी कान्हेरीची लेणी, शंभराच्या वर. तिथं आमच्यातल्या म्हाताऱ्यांचं लक्ष मूर्तींकडे नव्हतं, पाण्याच्या टाक्यांकडे होतं. कातळात टाकी खोदलेली, पावसाचं पाणी टाक्यात उतरावं म्हणून दगडात पन्हळ काढलेली. कातळावरून पाणी कुठून उतरतं हे ज्यानं चार पावसाळे पाहिलंय त्यालाच असलं काम जमतं. आराखडा म्हणतात तो हाच.

आताचा आराखडा वेगळा असतो. दहा वर्षांचं एक पुस्तक, त्यात नकाशे. हा गाभा, इथं कोणी जायचं नाही. हा पर्यटनाचा भाग, इथं रस्ता, गाड्यांचा तळ, संडास, कचराकुंडी. इथं जाळरेषा, इथं पाणवठा. या सगळ्याला आमचा विरोध नाही. सुट्टीच्या दिवशी रानात एवढी माणसं येतात तर त्यांचा कचरा कोण उचलणार हे आधी ठरायलाच पाहिजे. आमचा सवाल एवढाच की नकाशा काढताना कोणाला विचारलं? पाडा त्या नकाशात कोणत्या रंगाने दाखवला, वस्ती म्हणून की अतिक्रमण म्हणून?

हा शब्द किती महाग पडतो ते बोरिवलीत कळलं. 1995 साली तिथल्या अतिक्रमणांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला. 1997 साली हुकूम झाला: 1 जानेवारी 1995 च्या मतदारयादीत ज्यांचं नाव, त्यांनी 7 हजार रुपये भरायचे आणि दुसरीकडे घर घ्यायचं, बाकीच्यांनी नुसतंच निघायचं. हजारो झोपड्या पाडल्या. त्या झोपड्यांतली माणसंही गरीबच होती, कामासाठी आलेली, त्यांच्याकडे बोट दाखवून आपण सुटणार नाही. पण जो पाडा उद्यानाच्या आधीपासून आहे त्यालाही ‘कागद दाखव’ हाच प्रश्न आला. आणि कागद नव्हता.

आता बिबट्याचं. जुन्नरकडे बिबटे पकडून लांबच्या रानात सोडले, त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, हे अभ्यास करणाऱ्यांनीच दाखवलंय. पाड्यावरची म्हातारी हे पुस्तक न वाचता सांगते: ओळखीचा वाघ बरा. वस्तीच्या कडेला कचरा साठला की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे कचरा उचलणं हेच बिबट्याचं व्यवस्थापन. त्याला पिंजरा लागत नाही, झाडू लागतो. वाघबारशीला आपण नैवेद्य देतो तेव्हा हाच करार करतो, तू तुझ्या वाटेने, आम्ही आमच्या.

कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथाच्या डोंगरात सोलिगा आदिवासी आहेत. ते उन्हाळ्याच्या तोंडी जमिनीवरचा पालापाचोळा हलका जाळायचे. 1974 साली अभयारण्य झालं आणि जाळणं बंद पडलं. पुढं घाणेरी माजली, ज्याला आपल्यात कोणी टणटणी म्हणतात. सोलिगांचं म्हणणं असं की हलकी आग थांबली म्हणून घाणेरी वाढली. त्यांनी काय केलं? नुसता मोर्चा नाही काढला. आपल्या देवांच्या जागा, झरे, मसणवटी, सगळं हिंडून नकाशावर मांडलं. 2011 साली तिथं व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि त्याच वर्षी त्यांना सामूहिक वनहक्कही मिळाले. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला 2009 सालीच सुमारे 1800 हेक्टरचा हक्क मिळाला. पण ते साधं जंगल. सोलिगांचं वाघाच्या रानात झालं, म्हणून ते मुद्दाम सांगतो.

कायद्यात काय आहे ते सोप्या भाषेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीची व्याख्या आहे, तिच्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. ‘उद्यानात हक्क नसतो’ असं कचेरीत कोणी म्हणालं तर कलम 2(अ) पुढं ठेवा. कलम 4(5) सांगतं की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. आणि 2012 साली नियम बदलले त्यात आपल्या कामाची मोठी गोष्ट आहे. ग्रामसभेची समिती जंगलाचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा बनवील, आणि तो वनखात्याच्या आराखड्यात जोडला जाईल. जोडताना काय बदल करायचा? समितीला गरजेचा वाटेल तो. साहेबाला वाटेल तो नाही. ही ओळ आम्ही चार वेळा वाचली, तेव्हा विश्वास बसला.

पण आराखडाच नसेल तर जोडायचं काय? इथं आपण कमी पडलो, आणि त्यात संघटनाही आली. आपण प्लॉटचे दावे भरले, चार हेक्टरच्या आतले, ज्याचे त्याचे. सामूहिक दाव्याचा नमुना ‘क’ कितीतरी पाड्यांत कोराच राहिला. एका पाड्यात तर तो पेटीत सापडला, अर्धा उंदराने खाल्लेला.

आराखडा लिहायचा म्हणजे आपल्याही खोडी लिहाव्या लागतील. मोहाची फुलं वेचायला सोपं पडावं म्हणून आपण खालचा पाला पेटवतो, आग डोंगरावर जाते आणि कोवळी रोपं जळतात. हे सोलिगांच्या हलक्या आगीसारखं नाही. कोणी ठरवलेलं नसतं, कोणी राखायला उभं नसतं. राबासाठी ऐनाच्या फांद्या दर साली त्याच झाडाच्या तोडतो, झाड खुंटतं. काल रात्री यावर भांडण झालं. एक दादा म्हणाले, झाडून वेचायला माणसं कुठून आणू? बाया म्हणाल्या, वेचतो आम्हीच, तर झाडूपण आम्हीच, पण मोळीला जवळची जागा ठरवून द्या. आमच्या मते यातच निम्मा आराखडा झाला. उरलेलं: शेवळी आणि वास्ते कधी काढायचे, किती ठेवायचे; कोणत्या झऱ्यावर गुरं न्यायची नाहीत; आग लागली तर कोणत्या घरातून कोण पळेल; सहलीची माणसं आलीच तर कुठपर्यंत, आणि त्यांच्या बाटल्यांचं काय.

तर काम असं. दिवाळीच्या आत प्रत्येक पाड्याने शिवफेरी करायची. दोन म्हातारे, दोन म्हाताऱ्या, लिहिता येणारी दोन पोरं. प्रत्येक ओहोळाचं, टेपाडाचं, देवाच्या दगडाचं नाव लिहायचं. जाणत्यांचा जबाब हा नियमाप्रमाणे पुरावा आहे, त्यावर अंगठा घ्या. मग ग्रामसभा, निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. ठराव झाला की दावा दोन प्रतीत करा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथंच बसा आणि निरोप धाडा, आम्ही येतो.

नमुना ‘क’ च्या कोऱ्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. पाड्यागणिक तीन न्या. पेटीत ठेवू नका.