आकाशाची ऊब

सकाळीं चुलींतल्या राखेंत हात घातला आणि ती कोमट लागली, तर रात्रीं तेथें विस्तव होता हें कोणास सांगावें लागत नाहीं. आकाशासही अशीच एक मंद ऊब आहे. तिचें मान निरपेक्ष शून्याच्या वर अवघें २.७ अंश, आमच्या तोरणमाळावरील पौषांतली पहांट तिच्यापुढें भट्टीच म्हणावी लागेल! परंतु ती चोहोंकडून जवळजवळ सारखी येते, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म लहरींच्या रूपानें येते.

१९६४ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत पेन्झिअस व विल्सन यांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या एरियलमध्यें एक कुरकुर आढळली. ती कांहीं केल्या जाईना. आंत पारव्यांनीं बस्तान मांडलें होतें, तें हलविलें, घाण धुऊन काढली, कुरकुर कायमच. १९६५ मध्यें तिचा उलगडा प्रसिद्ध झाला. गंमत अशी कीं, आल्फर व हर्मन यांनीं १९४८ सालींच अशा उबेचें भाकीत करून तिचें मान सुमारें ५ अंश सांगितलें होतें. तें फारसें कोणीं मनावर घेतलें नव्हतें.

हा विषय आपल्या महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. कोल्हापुरांत जन्मलेले व २०२५ मध्यें दिवंगत झालेले जयंत नारळीकर हे केंब्रिजच्या फ्रेड हॉईल यांचे शिष्य. हॉईल यांचें मत असें कीं, विश्व पसरतें खरें, पण नवें द्रव्य सतत निर्माण होत असल्यामुळें त्याचें रूप सदैव सारखेंच राहतें. प्रतिपक्षाच्या मतास 'महास्फोट' हें नांव त्यांनींच १९४९ मध्यें बी. बी. सी. वरील भाषणांत दिलें. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. नारळीकर विश्वाचा विस्तारच नाकारीत, असें पुष्कळांस वाटतें, तें बरोबर नव्हे. वाद होता तो, विश्व पूर्वीं दाट व तप्त होतें काय, एवढ्याचा.

विश्व पसरलें कीं त्यांतील लहरीही ताणल्या जातात, आणि लहर लांबली म्हणजे ऊब उतरते. तेव्हां ही ऊब पूर्वीं अधिक असली पाहिजे. उलट विश्वाचें रूप सदैव सारखें असेल, तर ऊबही सदैव तितकीच. पण पूर्वींची ऊब मोजावी कशी? दूरचा प्रकाश म्हणजे जुना प्रकाश. त्याच्या वाटेंत जो वायु येतो, त्याच्या अणुरेणूंच्या स्थितीवरून तेव्हांचें तपमान काढतां येतें. पुण्याच्या 'आयुका' संस्थेंतील श्रीआनंद व त्यांचे परदेशी सहकारी यांनीं चिली देशांतील प्रचंड दुर्बिणीनें हेंच केलें. २००० सालीं त्यांना ६ ते १४ अंश एवढेंच सांगतां आलें. २००८ मध्यें मात्र, सुमारें १,१०० कोटी वर्षांपूर्वींच्या कार्बन मोनॉक्साइडनें ९.१५ अंश हा आंकडा दिला. विश्वांतील अंतरें त्या वेळीं आजच्याहून ३.४२ पट लहान होतीं. आजच्या २.७२५ अंशांस तेवढ्यानें गुणून पाहा; ९.३ येतात. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यासही हा गुणाकार जमतो!

ताऱ्यांचा जुना प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनीं शोषून पुनः सोडला, त्याची ही ऊब, असें नारळीकर व हॉईल यांनीं पुढें प्रतिपादिलें. मला तो युक्तिवाद ओढून आणलेला वाटतो, आणि बहुतेक शास्त्रज्ञांसही तो पटला नाहीं. परंतु 'आयुका' १९८८ सालीं उभारली ती नारळीकरांनींच, आणि २००० सालचें तें मोजमाप प्रसिद्ध झालें, तेव्हां तिचे संचालकही तेच होते.