उमेशची पोटरी

आज एक जुनी जखम काढतो. 28 डिसेंबर 2020, मेलबर्न कसोटी. वर्क फ्रॉम होममुळे मी यवतमाळलाच होतो. पहाटे पाचपासून मोबाईलवर मॅच. उमेश यादवनं जो बर्न्सला काढलं, अन् थोड्याच वेळात पोटरी धरून लंगडत मैदानाबाहेर. शमी आधीच हात मोडून बसलेला.

संध्याकाळी दत्त चौकात चहावर एकच विषय: 7 जानेवारीला सिडनीत आपला माणूस खेळणार का?

मित्र म्हणे, "इंजेक्शन देऊन खेळवा ना बे!"

"काहून? पोटरी म्हणजे सर्व्हर आहे का, रीस्टार्ट मारला की सुरू?"

बोललो खरं, पण मनातून मलाही तो हवाच होता. कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. तेहतिसाव्या वर्षी परदेशातली जागा गेली तर परत मिळते का?

उमेश मालिकेबाहेर. सिडनीत नवदीप सैनी आला, ब्रिस्बेनला तोही दुखावला. तरी 19 जानेवारीला आपण गाबा जिंकलं! चौकात नाचता नाचता मित्र म्हणाला, "आपला गडी पाहिजे होता लेका."

सप्टेंबरमध्ये ओव्हलवर उमेश परतला. सामन्यात सहा विकेट, त्यात जो रूटचा त्रिफळा. मित्राला लगेच फोन लावला.