एका तारेवर दोन वाहिन्या

ब्रॉडबँड घरोघर पोचण्याआधी इंटरनेट लागायचं ते मोडेमच्या किरकिरीवर, तेही फार तर 56 किलोबिट वेगानं. टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवर आयएसडीएन ही डिजिटल जोडणी घेता यायची. त्यासाठी एक्स्चेंजमध्ये ती सोय हवी आणि घरही एक्स्चेंजपासून साधारण साडेपाच किलोमीटरच्या आत हवं.

भिंतीवर एनटी-वन नावाची छोटी पेटी बसायची. बाहेरून तिच्यात दोन तारा यायच्या. पुढच्या चार तारांच्या वायरिंगवर आठपर्यंत उपकरणं चालायची. कॉम्प्युटरला वेगळं कार्ड लागायचं, जुन्या फोनला टर्मिनल अडॅप्टर.

मग 64 किलोबिटच्या दोन वाहिन्या मिळायच्या. एकीवर इंटरनेट चालू असतानाच दुसरीवर फोनवर बोलता यायचं. तिसरी 16 किलोबिटची वाहिनी कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश न्यायची, म्हणून जोडणी एक-दोन सेकंदांत व्हायची.

दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की वेग 128. पण मिनिटांवर आकारणी असेल तर बिलात कॉलही दोन! त्यामुळे मोठी फाइल उतरवतानाच दोन्ही वापराव्यात, एरवी एक पुरे, हाच खरा शहाणपणा होता.