केर आणि मजुरी



कामगारांच्या सभांत बोलणाऱ्याने केरकचऱ्यावर काय बोलावे, असे काहींना वाटले असेल. आमचे म्हणणे असे, की केर हाही मजुरीचाच प्रश्न आहे.

इचलकरंजीकरांना हे कळणे अवघड नाही. मागाखाली पडलेले कोरे सूत आणि तेलात माखलेले सूत एका पोत्यात भरले, तर कोऱ्याचाही भाव जातो. कारखान्यातला हा हिशेब घरी येताच आपण विसरतो. शिळ्या आमटीत वर्तमानपत्र भिजते, फुटकी काच भाजीच्या देठांत दडते, आणि डबा दारी ठेवून आपण हात धुतो. पण काम संपलेले नसते. आपण टाळलेली निवड कुणा बाईला उघड्या हातांनी करावी लागते.

२०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे त्यांत सांगितले. कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असेही सांगितले. पहिली गोष्ट आपण पाठ केली. दुसरीची आठवण फार थोड्यांना आहे.

पुण्यात मात्र दुसरी गोष्ट आधी घडली. १९९३ साली तिथल्या कचरा वेचणाऱ्या भगिनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झाल्या. डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. कुंडीत वाकणारी बाई ही कामगार आहे, ही त्यांची पहिली मागणी. पुढे २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. घरोघरचे मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, ही त्यांची कमाई. म्हणजे आमटीत भिजलेला कागद हा कुणाच्या तरी मजुरीतला तोटा आहे! वापरलेले सॅनिटरी पॅड गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असेही त्यांनीच लोकांना सांगितले. ठिपका पाहिला, की पुडके उघडावे लागत नाही.

२०२२ साली आपल्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहर मोठे झाले, तशी आपली जबाबदारीही वाढली. उद्या सकाळी ओले-सुके वेगळे ठेवा. काच गुंडाळून वर तसे लिहा. आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना विचारा : हातमोजे मिळाले का? पगार वेळेवर होतो का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आम्हाला कळवा. पुढचे काम आमचे.