कुटुंबाचा पहिला धडा
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



पाठशाळेतील चार-पाच वर्षांच्या बालकांना जीवसृष्टीची ओळख करून देताना भिंतीवरील तक्ता नेहमी उपयोगी पडतो. गाय आणि वासरू, कोंबडी आणि पिले, शेजारी आई, बाबा व दोन मुले. तक्ता चांगलाच आहे. परंतु वर्गात एखादे बालक असे असते, की ज्याचे वडील हयात नाहीत किंवा ज्याला आजीच वाढवीत आहे. त्या चित्रात ते आपले घर शोधते आणि मुकाट्याने मान खाली घालते. अहिंसेचा धडा देता देता एक कोवळे मन नकळत दुखावले जाते.

यावरील उपाय सृष्टीतच आहे. प्राण्यांची कुटुंबे जशी आहेत तशीच मुलांना सांगावीत. हत्तींच्या कळपाची धुरा वडीलधाऱ्या हत्तिणीकडे असते. पिलाला आईबरोबर मावश्या आणि आजीही सांभाळतात, तर वयात आलेला नर कळपापासून वेगळा होतो. कबुतरांमध्ये नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात व पिलांना भरवतात. सह्याद्रीतील धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला फळे पुरवतो. कोकिळेचे पिलू तर कावळ्याच्या घरट्यात वाढते.

"ज्याला कोणीच नाही, त्याचे काय?" असे एखादे मूल विचारील. त्याला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाची हकिकत सांगावी. सागरी कासवाची मादी तेथील वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. पिलांना आई दिसतही नाही. २००२ पासून तेथे या अंड्यांच्या संरक्षणाचे काम सुरू झाले आणि ग्रामस्थ परक्या लेकरांचे राखणदार झाले.

मनुष्यांतही असे घडले आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची गरीब मुले तेथे एकत्र राहू-जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. रक्ताचे नाते नसताना त्या त्यांची आई झाल्या.

तात्पर्य, कुटुंब माणसांच्या मोजणीने नव्हे, सांभाळण्याने ओळखावे. हे ज्या मुलाला उमगले, ते कुत्रीजवळचे पिलू उचलण्यापूर्वी थबकेल आणि नव्या सोबत्याला "तुझे बाबा कोठे?" असे विचारण्याऐवजी आपल्या शेजारी बसवून घेईल.

म्हणून पाठशाळेच्या शिक्षकांना नम्र विनंती, की त्या तक्त्याशेजारी एक कोरा कागद लावावा. आपल्याला जे सांभाळतात, त्यांचे चित्र प्रत्येक मुलाने त्यावर काढावे. कोणाचीही चौकट रिकामी राहणार नाही.

जय जिनेंद्र.