मागून पाहिलं की छप्पर दिसायला हवं

आमचा गट अवजारं भाड्याने देतो. ट्रॅक्टर परत आला की आम्ही डिझेल बघतो, ऑइल बघतो आणि टायरही बघतो. हवा कमी आहे का, चिरा पडल्यात का, हे सगळेच बघतात. टायर उलटा बसलाय का, हे मात्र फार थोडे बघतात.

ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरवर जाड, तिरक्या रबरी पट्ट्या असतात. दोन्ही बाजूंनी येऊन त्या मधोमध टोक करतात. ट्रॅक्टर पुढे जाताना हे टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे. मग चिखल मधून बाहेर लोटला जातो, खाचा मोकळ्या राहतात आणि पुन्हा पकड मिळते. टायर उलटा असला की चिखल मध्येच कोंबला जातो. खाचा लिंपल्या की चाक जागेवर गरगरतं. आणि तासावर भाडं ठरलं असेल तर त्या गरगरण्याचे पैसेही आपणच मोजतो!

टायरच्या कडेला बाण असतो. पुढे जाताना चाक त्याच दिशेने फिरायला हवं. बाण झिजला असेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभ्या राहा. पट्ट्यांचं टोक वर, म्हणजे घराचं छप्पर दिसलं, की बरोबर. समोरून तेच टोक खाली दिसतं. पुढच्या लहान टायरवर बहुधा सरळ रेघा असतात, त्या वळण्यासाठी. पुढची चाकंही ओढणारी असतील, तर तिथेही बाण बघा.

उलटं होतं कधी? पंक्चर काढून घाईत बसवताना. पॉवर टिलरची लोखंडी चाकं चिखलणीनंतर काढून रबरी चढवताना डावं-उजवं बदललं तर. आणि कोळपणीसाठी चाकांमधलं अंतर वाढवताना. तेव्हा चाकाची बाजू पालटली, तर ते दुसऱ्या बाजूलाच लावावं लागतं. त्याच बाजूला लावलं की बाण उलटा.

घसरण मोजायची? टायरवर खडूने खूण करा. त्याच शेतात, त्याच गिअरमध्ये, अवजार उचलून चाकाचे दहा फेरे मोजा. समजा 40 मीटर झाले. मग नांगर लावून दहा फेरे. 34 मीटर झाले, तर घसरण 15 टक्के. इथवर चालतं. याच्या बरीच वर गेली तर हवा आणि वजन तपासा. हवा किती, ते कंपनीच्या पुस्तकात असतं. शेतातली आणि रस्त्यावरची वेगळी. शेतात वाफसाच नसेल तर मात्र सरळ बाणही कामाचा नाही, थांबायचं.

आणि ट्रॅक्टर रुतलाच, तर मागच्या चाकाला ओंडका बांधून पुढे रेटायला चालकाला मुळीच सांगू नका. चाक अडतं, पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. अवजार सोडा, चाकांमागची माती उकरा आणि हळू मागे घ्या. तेवढ्यानं निघाला नाही, तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.