दूरदेशीची लेकरं गावात येतात तेव्हा

आजचा विषय आपल्या नेहमीच्या कर्ज-हप्त्यांपेक्षा वेगळा आहे. परदेशातली दहावी-बारावीच्या वयाची मुलंमुली शिकायला आणि सेवेचं काम करायला आपल्या देशात येतात. त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. आमच्या ग्रामसंघाकडे अशीच एक विचारणा आली आहे. शाळकरी वयाची पंधरा परदेशी मुलं येत्या जानेवारीत दहा दिवस गावात राहू इच्छितात. पाच-सहा घरं मिळतील का, असं त्यांना आणणाऱ्या मंडळींनी विचारलं. बैठकीत लगेच दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "आपल्या घरी पाहासारखं काय हाये व? पोट्टे येतीन, फोटो काढतीन अन् जातीन." दुसरी ताई म्हणाली, "येऊ द्या ना. आपल्या पोरीइले दोन शब्द इंग्रजी बोलाले भेटतीन." मला दोघींचंही पटलं. म्हणूनच हा विषय नीट उलगडून पाहायला हवा.

पहिला प्रश्न, ही मुलं इकडे का येतात? शाळेच्या भूगोलात आपण उष्ण कटिबंध शिकलो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातून जातं. आपला यवतमाळ जिल्हा त्याच्या दक्षिणेला, वीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपण उष्ण कटिबंधातले लोक. थंड देशांतल्या शाळा आपल्या मुलांना एखाद्या उष्ण प्रदेशात पाठवायचं ठरवतात, तेव्हा कोस्टा रिका, थायलंड, केनिया यांच्याबरोबर भारताचंही नाव त्यांच्यापुढे येतं. तिथल्या काही अभ्यासक्रमांत सेवेचं काम सक्तीचं असतं. आयबी डिप्लोमा नावाचा अकरावी-बारावीच्या तोडीचा अभ्यासक्रम जगभर चालतो. त्यात सर्जनशील काम, शारीरिक उपक्रम आणि सेवा हा भाग पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. म्हणजे मूल आपल्या दारात येतं तेव्हा त्याच्या मनात कुतूहल असतं आणि दप्तरात भरायची वहीही असते. यात वाईट काही नाही. फक्त आपल्याला ते ठाऊक असावं.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर, १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा चालते. नाव यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज. साठाहून अधिक देशांतले, सोळा ते एकोणीस वर्षांचे दोनशेच्या वर विद्यार्थी तिथे दोन वर्षं राहून शिकतात. त्यात भारतातली मुलंही असतात. या संस्थेचं पहिलं कॉलेज १९६२ मध्ये वेल्समध्ये निघालं. त्यामागचा विचार कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचा. हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला होता. वेगवेगळ्या देशांची मुलं ऐन उमेदीच्या वयात एकत्र राहिली, एकत्र राबली, तर मोठेपणी एकमेकांशी लढणार नाहीत, ही त्यामागची आशा. पौडच्या कॉलेजातली मुलं आसपासच्या गावांतल्या मुलांना इंग्रजी शिकवतात. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती मुलं दोन वर्षं तिथेच असतात. तोच पावसाळा, तोच उन्हाळा, तेच शेजारी त्यांना दोनदा भेटतात. दहा दिवसांच्या पाहुण्यात आणि दोन वर्षांच्या शेजाऱ्यात फार फरक असतो.

परदेशी माणसांनी येऊन आपल्याकडे राबण्याची गोष्ट नवी नाही. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, युद्धाने उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव उभारण्यासाठी काही माणसं गोळा केली. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था झाली. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल सोबत्यांसह तिथे आले आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामाला लागले. पुढे १९५० च्या दशकात याच संस्थेचे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमटे यांच्या आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी बांधकाम केलं. त्या काळी कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी कोणी घ्यायला धजत नसे. हे पाहुणे रुग्णांमध्ये राहतात, त्यांच्या हातचं खातात, हे पाहून गावाची भीती कमी झाली, असं आनंदवनाच्या इतिहासात सांगितलं जातं. इमारत तर गवंडीही बांधून देतो. मनातली भीती काढायला मात्र कधी कधी बाहेरचं माणूस उपयोगी पडतं.

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत अशा सेवा-सहलींचा मोठा धंदा झाला आहे. मुलाचे आईवडील कंपनीला भरपूर पैसे देतात आणि गावाच्या वाट्याला एक रंगवलेली भिंत येते. काही देशांत याहून वाईट घडलं. नेपाळ, कंबोडियासारख्या ठिकाणी अनाथाश्रमांत सेवा करायला पाहुणे येऊ लागले, तसे आश्रम वाढले. आईवडील हयात असलेली मुलंही तिथे आणून ठेवली गेली, कारण मुलं दिसली की देणगी मिळते. हे इतकं वाढलं, की २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा सेवा-पर्यटनाच्या धोक्याचा उल्लेख केला. लहानग्यांना जीव लावणारी माणसं दर पंधरा दिवसांनी बदलत राहिली, तर त्या लेकरांच्या मनाचं काय होत असेल, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेही शिबिरं होतात. कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं सात दिवस गावात मुक्काम करतात. जिथे गावाशी आधी बोलून काम ठरतं, तिथे शोषखड्डे होतात, झाडं जगतात. जिथे बोलणं होत नाही, तिथे नाली साफ होते, भाषण होतं, फोटो निघतो आणि आठ दिवसांत नाली पुन्हा भरते. परदेशी मुलांनाही हाच नियम लागू आहे.

म्हणून माझं मत असं, की हो म्हणावं, पण आपल्या अटींवर. मी ग्रामसंघापुढे काही अटी मांडल्या आहेत. तुमच्या गावात अशी विचारणा आली तर तुम्हालाही उपयोगी पडतील, म्हणून सांगते.

पहिली अट, काम आपण ठरवायचं. ज्या कामावर गावातल्या माणसाची मजुरी आहे, ते काम पाहुण्यांना द्यायचं नाही. थापी कधी हातात न धरलेल्या पंधरा पोरांनी भिंत बांधली, तर आपल्या गवंड्याचा रोज बुडेल आणि भिंत दुसऱ्यांदा बांधावी लागेल. अंगणवाडीची लेकरंही त्यांच्या हाती सोपवायची नाहीत. मग करतील काय? आपल्या डाळीच्या, हळदीच्या, पापडाच्या पाकिटांवरचा मजकूर इंग्रजीत नीट लिहून देतील. आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर रोज तासभर गप्पा मारतील, अर्धा वेळ इंग्रजीत आणि अर्धा वेळ मराठीत, म्हणजे दोन्हीकडची मुलं अडखळतील आणि दोन्हीकडची हसतील. तूर सोंगायला वावरात येतील. कापूस वेचतील. किलोमागे काय वेचाई मिळते आणि तोच कापूस त्यांच्या देशात सदऱ्याच्या रूपात किती रुपयांना विकला जातो, हा हिशोब त्यांनी स्वतः करावा.

दुसरी अट पैशाची. पंधरा मुलं आणि दहा दिवस म्हणजे दीडशे मुक्काम. गॅस, किराणा, पाणी, अंथरूण-पांघरूण आणि बाईचे श्रम, सगळं धरायचं. समजा, एका मुक्कामाचे ५०० रुपये ठरले, तर ७५,००० रुपये होतात. दर काय असावा ते आपण ठरवू, पण तो लेखी असावा आणि रक्कम ग्रामसंघाच्या बँक खात्यात जमा व्हावी. पाहुणचाराचे पैसे कसे घ्यायचे, असा संकोच काही जणींना वाटतो. लक्षात घ्या, त्या मुलांच्या घरून पैसे भरलेले असतातच. ते आपल्यापर्यंत पोचतात की वाटेतच जिरतात, एवढाच प्रश्न आहे.

तिसरी अट सुरक्षिततेची, आणि ती दोन्हीकडून आहे. आलेली सोळा वर्षांची मुलगी गोरी असो, उंच असो, तिला चार भाषा येत असोत, कायद्याने ती अल्पवयीनच आहे. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला संरक्षण देतो. तो आपल्या लेकीला लागू आहे आणि तिलाही. प्रत्येक घरी दोन मुली किंवा दोन मुलगे एकत्र राहावेत. खोलीला आणि संडासाला आतून कडी हवी. सोबतचे शिक्षक गावातच मुक्कामाला हवेत. परदेशी नागरिक घरी राहिला तर त्याची माहिती २४ तासांत सरकारकडे द्यावी लागते. त्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. तो कोण भरणार, हे आधी ठरवायचं आणि पोलीस ठाण्यालाही कळवायचं. पाणी उकळलेलं, तिखट बेताचं, रात्री मच्छरदाणी. जानेवारी आहे म्हणून ठीक. मे महिन्याचं विचारलं असतं तर मीच नाही म्हटलं असतं. आपलं ऊन आपल्यालाच सोसत नाही.

चौथी अट फोटोची. विचारल्याशिवाय कोणाच्या घराचा, चुलीचा, लेकराचा फोटो नाही. आणि "गरीब बिचारे" असं खाली लिहून तो कुठे टाकायचा नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेलं. ते दुःख आपलं आहे आणि खरं आहे. पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातली बाई पाहुण्यांना दाखवायची वस्तू नव्हे. तिला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल, नाही तर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बैठकीत एका दहावीतल्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, ते इकडे येतात, तर आपण तिकडे जाऊ शकतो का?" याचं उत्तर मी तिला दिलं, तेच इथे देते. वाट आहे, पण अरुंद आहे. युनायटेड वर्ल्ड कॉलेजसाठी भारतातली निवड समिती दहावीच्या सुमारास अर्ज मागवते. निवड झाली तर पौडला किंवा कोस्टा रिका, थायलंडसारख्या देशांतल्या कॉलेजांत जाता येतं आणि घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती मिळते. रोटरी क्लबही पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांची देवाणघेवाण करतो, मात्र त्यात विमानाचं तिकीट आणि विमा साधारणपणे घरच्यांना करावा लागतो. काही योजना एखाद्या वर्षी चालू असतात, एखाद्या वर्षी बंद. म्हणून त्या वर्षीची माहिती संस्थेकडूनच घ्यावी. "सेवेसाठी परदेशी पाठवतो, आधी पैसे भरा" म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

आणि एक वाट अगदी जवळची आहे. आपल्या जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा देऊन सहावीत प्रवेश मिळतो आणि राहणं-शिकणं मोफत असतं. नवोदयमध्ये नववीची काही मुलं एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जाऊन शिकतात आणि तिकडची इकडे येतात. मोठ्या मुलामुलींसाठी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. घर सोडून, अनोळखी लोकांत राहून, हाताने काम करून शिकण्याची सवय इथूनही लागते. पासपोर्ट लागत नाही.

म्हणून आमची पाचवी अट अशी, की येणाऱ्या मंडळींनी आपल्या गावातल्या मुलींसाठीही काही करावं. निदान दहावीच्या मुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरायचे, मुलाखतीत काय विचारतात, हे त्यांच्या शिक्षकांनी दोन दिवस बसून शिकवावं आणि गेल्यावरही वर्षभर फोनवर मदत करावी. त्यांच्या मुलांना आपल्या गावाकडून प्रमाणपत्र मिळणार आहे. आपल्या मुलींच्या हातीही काही पडायला हवं.

या पाच अटी मान्य झाल्या तर स्वागत, नाही तर राम राम. निर्णय ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हात वर करून होईल आणि ज्या घरी पाहुणे राहायचे, त्या घरच्या बाईचं मत आधी विचारलं जाईल. कारण पहाटे उठून पाणी तापवायचं आहे ते तिला.

तुमच्या गटातही या विषयावर बोला. घरात पाचवीतली मुलगी असेल तर नवोदयच्या अर्जाची तारीख शाळेत विचारून घ्या. तेवढं काम उद्याच होण्यासारखं आहे.